आधी बसा, मग बोला

वसईतला एखादा तरुण फादर आफ्रिकेला निघाला की निरोपाच्या जेवणात सल्ल्यांना ऊत येतो. कुणी सुके बोंबील बांधून देतं, कुणी सिंहाला जपून राहायला सांगतं. सिंह मला फक्त सेरेंगेटीत, तोही गाडीच्या काचेतून दिसला. आणि बोंबलांचं म्हणाल तर व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी 'दागा' नावाची बोटभर मासळी दूरवर वाळत घातलेली असते. वसईच्या पाचूबंदरच्या माणसाला तिथे नाकाने तरी परकं वाटायचं नाही. जे खरोखर सांगायला हवं ते मात्र कुणी सांगत नाही, कारण सांगणारे तिथे राहिलेले नसतात. म्हणून हल्ली कुणी त्या बाजूला निघालं की मी त्याला गाठतो आणि समोर बसवतो.

मी होतो तो टांझानियाच्या वायव्येकडचा सुकुमा लोकांचा मुलूख, म्वान्झा शहराच्या आसपासचा. आफ्रिकेत पन्नासहून जास्त देश आहेत, तेव्हा पुढचं सगळं तिथलंच समजावं. घाना किंवा मादागास्करला निघालेल्यांनी यातलं निम्मं विसरून जावं.

सुरुवात घड्याळापासून करतो, कारण तिथे सगळेच फसतात. स्वाहिली हिशोबात दिवस सूर्योदयाला सुरू होतो. आपले सकाळचे सात म्हणजे तिथे एक वाजलेला, आपले दहा म्हणजे चार. विषुववृत्ताजवळ सूर्य बारा महिने साधारण एकाच वेळी उगवतो, त्यामुळे त्यांचा हिशोब अगदी सरळ आहे. 'चारची मिस्सा' ऐकून दुपारी चारला पोचलेला नवा फादर शोधायला लांब जावं लागत नाही. तोवर लोक प्रार्थना आटपून, जेवून, भांडी घासून घरी गेलेले असतात. सहा तासांची बेरीज-वजाबाकी मनात करत राहिलात तर कधीतरी चुकणारच. सूर्य कुठवर आल्यावर यायचं, एवढं हात करून विचारा.

भाषेसाठी वेळ द्या, आणि वरिष्ठ घाई करत असतील तर त्यांच्याशी वाद घाला. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया जपानी भाषेत इतके मुरले होते की मिशनऱ्यांचे दुभाषी म्हणून त्यांच्याकडे पाहिलं जाई. १५९७ मध्ये नागासाकीला ते क्रुसावर गेले. त्यांचा सण आपण बँड लावून करतो, पण त्यांनी परकी भाषा घटवली ती गोष्ट मागेच राहते. स्वाहिली शिकवणाऱ्या शाळा आहेत, तिथे काही महिने काढावेच लागतात. एवढ्यानेही भागत नाही, कारण खेड्यातली म्हातारी माणसं सुकुमाच बोलतात. निदान सकाळचं 'म्वांगालुका' तरी तोंडात बसवा. आजीबाई हसतील. हसू द्या.

नमस्काराची रीत वयावर चालते. लहानाने मोठ्याला 'शिकामो' म्हणायचं, मोठ्याने 'मराहबा' म्हणून ते स्वीकारायचं. मुली तर गुडघे टेकून म्हणतात. पंचाईत होते ती गळ्यातल्या कॉलरमुळे. सत्तरीची बाई पंचविशीतल्या फादरला 'शिकामो' म्हणू लागते आणि फादरला तो मान गोड वाटायला लागतो. तिच्या आधी तुम्ही म्हणा. नाहीतर कॅथलिकांचं 'तुम्सिफू येसू क्रिस्तो' आहेच. त्यात कुणी लहान-मोठं उरत नाही. मात्र नमस्कारावर काम संपत नाही. रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, मुलं, गुरं, शेत, पाऊस, सगळी चौकशी होईपर्यंत मुद्द्याला हात घालायचा नाही. सरळ मुद्द्यावर येणारा माणूस तिथे हुशार ठरत नाही, भांडायला आलेला वाटतो.

गावात तुमचा खरा वरिष्ठ कॅटेकिस्ट. एकेका धर्मग्रामाखाली बऱ्याच वाड्या-वस्त्यांवरची लहान चॅपेलं येतात, त्यांना 'किगांगो' म्हणतात. फादर तिथे कधीतरी पोचतो, काळ्या मातीचा रस्ता पावसात गेला तर तेही नाही. रविवारची प्रार्थना, मुलांची शिकवणी, आजाऱ्यांची विचारपूस, पुरण्याचा विधी, सगळं कॅटेकिस्ट बघतो. तो बहुधा कापूस-मका करणारा शेतकरी असतो आणि मानधनाच्या नावाने आनंदच असतो. पूर्व आफ्रिकेतल्या बिशपांनी १९७६ मध्ये छोटे ख्रिस्ती समूह हा आपल्या कामाचा पाया ठरवला. त्या समूहांच्या बैठका घराघरांत होतात आणि त्या फादरच्या येण्यावर अडून बसत नाहीत. हे सगळं तुमच्या आधी चालू होतं. तेव्हा पहिलं वर्षभर एकच नियम पाळा: काहीही देण्याआधी, बोलण्याआधी, कुणाच्या घरी जाण्याआधी कॅटेकिस्टला विचारा. तो 'बघू' म्हणाला तर त्याचा अर्थ 'नको' असा घ्या.

पैशाच्या बाबतीत तर हे फारच लागू. मिस्सा संपली की तिथे 'म्नादा' होतो, म्हणजे लिलाव. लोकांनी अर्पणात आणलेल्या वस्तू वेदीच्या पायरीशी मांडलेल्या असतात: पाय बांधलेली कोंबडी, वाडग्यातली अंडी, भोपळा, रताळी, कधी एखादी बकरी. गायकवृंदातला एखादा बोलका माणूस बोली पुकारतो, त्यात गावातल्या प्रत्येकाची थट्टा होते. कोंबडी विकत घेणारा ती पुन्हा दान करतो, ती पुन्हा विकली जाते, शेवटी फादरच्या हातात येते आणि बायका 'विगेलेगेले' करतात, जिभेने काढलेला तो लांब कंप पावणारा आवाज. ती कोंबडी घ्या. 'अहो नको, तुम्हालाच राहू दे' हे आपलं वसईचं सौजन्य तिथे अपमान होतो. आणि स्वतः बोली लावायची तर लहान लावा. फादरने आकडा फुगवला की पुढचा माणूस हात खाली घेतो.

एका किगांगोत लोकांनी स्वतः विटा भाजून चॅपेलच्या भिंती उभ्या केल्या होत्या. छपराच्या पत्र्यांसाठी म्नादाचे पैसे साठत होते, हंगामाला चार-दोन पत्रे या गतीने. नव्याने आलेल्या एका तरुण सहकाऱ्याला ते बघवेना. त्याने गावाकडच्या मित्रांना लिहिलं, पैसे आले, एका आठवड्यात छप्पर चढलं. उद्घाटनाला नाच झाला, भाषणं झाली. पुढच्या पावसाळ्यात गावचा खजिनदार त्याच्याकडे निरोप घेऊन आला. निरोप असा होता: "फादर, तुमच्या देवळाचं कुलूप मोडलंय."

हे वाक्य मी प्रत्येक जाणाऱ्याला सांगतो. ज्या देशात राष्ट्राध्यक्ष नेरेरेंनी १९६७ च्या अरुशा घोषणेपासून स्वावलंबन हा राष्ट्रीय धडा केला, तिथली चर्चदेखील गेली कित्येक वर्षं स्वतःच्या पायावर उभी राहायला धडपडते आहे. ती धडपड सावकाश चालते आणि बघणाऱ्याचा जीव खाते. खाऊ द्या. याचा अर्थ दारात आलेल्या आजारी पोराला परत पाठवा असा नाही. औषधपाण्याची मदत करा, पण समूहाच्या पेटीतून, समूहाच्या हातून.

आपण भारतीय, म्हणजे तिथे 'मुहिंदी'. मुहिंदी म्हटला की दुकानदार, हे समीकरण पक्कं आहे. पिढ्यान्‌पिढ्या गुजराती व्यापारी तिथे आहेत. १९७१ मध्ये भाड्याने दिलेल्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्या तेव्हा त्यांच्यातले बरेच देश सोडून गेले. जुने हिशोब दोन्ही बाजूंनी शिल्लक आहेत. तुमचं दुकान कुठे, हे तुम्हाला हमखास विचारलं जाणार. त्यात दुखवून घेण्यासारखं काही नाही. फक्त एक करू नका: म्वान्झाच्या बाजारात हिंदी बोलणारा भेटला म्हणून दुकानात शिरून अर्धा तास गप्पा, आतून आलेला चहा, आणि बरोबर आलेला कॅटेकिस्ट बाहेर उन्हात उभा. हे गावात तुमच्या आधी पोचतं.

आता जरा जड विषय. सुकुमा भागात चेटकाच्या संशयावरून म्हाताऱ्या बायकांना मारण्याचे प्रकार घडलेले आहेत. संशयाची एक खूण म्हणजे लाल डोळे. जन्मभर बंद झोपडीत लाकूड आणि शेणाच्या धुरात चूल फुंकणाऱ्या बाईचे डोळे दुसऱ्या कुठल्या रंगाचे असणार? चेटकाविरुद्धचा कायदा तिथे इंग्रजांच्या काळापासून आहे. आपण नाक मुरडू नये. आपल्याकडे डाकीण ठरवून बायकांचे हाल होतात आणि महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ साल उजाडावं लागलं, दाभोलकरांचा जीव जावा लागला.

अडचण अशी की लोक फादरलाही यात ओढतात. पोर दगावलं, गाय आटली, 'घराला आशीर्वाद द्या' म्हणून बोलावणं येतं. तुम्ही भोळेपणाने पवित्र पाणी शिंपडून, वाईट शक्तींना हाकलण्याची प्रार्थना मोठ्याने म्हणता. ऐकणाऱ्यांच्या लेखी फादरनेच कबूल केलं की इथे कुणीतरी काहीतरी केलंय. आता कुणी केलं एवढंच शोधायचं राहिलं, आणि शेजारच्या झोपडीत एक म्हातारी एकटी राहते. म्हणून अशा घरी जाण्याआधी कॅटेकिस्टकडून वाद काय आहे ते समजून घ्या. प्रार्थना करायची ती मेलेल्या मुलासाठी आणि घरच्यांच्या शांतीसाठी. आणि निघताना त्या म्हातारीच्या दारात जाऊन बसा, सगळ्यांना दिसेल असं. तिने दिलं तर पाणी प्या. प्रवचनात या विषयावर गरजणं सोपं आहे, त्याने मला तरी कुणाचं मत बदललेलं दिसलं नाही. दारात बसलेला फादर लोक लक्षात ठेवतात.

बसण्याचं खरं शिक्षण मिळतं ते 'म्सिबा'त, म्हणजे मयताघरी. कुणी वारलं की शेजारपाजार काम टाकून येतो. बायका आत चटयांवर, पुरुष बाहेर शेकोटीभोवती, रात्रीसुद्धा. तरुण पोरं खड्डा खणतात. एका बाजूला लाकडी बाकावर शाळेची वही घेऊन एकजण बसलेला असतो: पट्टीने आखलेल्या रेघा, नाव, रक्कम, आणि पैसे नसतील तर पीठ किती ते. ही वही घरात जपून ठेवतात, पुढे परतफेड करायची असते. तुमचंही नाव त्यात हवं. रक्कम किती, हे कॅटेकिस्टला आधी विचारा. मोठा आकडा लिहिलात तर त्या घरावर कधी न फिटणारं ओझं चढतं. मग 'पोले' म्हणा आणि बसा. सांत्वनपर भाषण करू नका. मिस्सा आणि दफनाचा विधी करून मोटरसायकलला किक मारणारा फादर तिथे सर्रास दिसतो, आणि लोक त्याला माफही करतात, बिचाऱ्याला कामं असतील म्हणून. पण दुसऱ्या दिवशी नुसता येऊन बसलेला त्यांना आपला वाटतो. मला सेमिनरीत कुणी सांगितलं असतं की तुझं निम्मं काम शेकोटीशी गप्प बसण्याचं आहे, तर हसू आलं असतं.

खाण्यापिण्याचं फार सांगत नाही. मक्याच्या पिठाची उगाली हाताने मळून खायची, उजव्या हाताने. जेवणाआधी घरातलं लहान मूल तांब्याने हातावर पाणी घालतं, ते होईपर्यंत थांबा. म्लेंडा नावाची पालेभाजी बुळबुळीत असते, भेंडी आवडत असेल तर अडचण नाही. सरोवरात पोहू नका, कितीही उकडलं तरी. काठच्या पाण्यात बिलहार्झिया रोगाचे जंतू असतात आणि ते कातडीतून शिरतात. तापाच्या बाबतीत मात्र शहाणपणा चालवू नका. 'मलेरिया आम्हाला काय नवा' असं म्हणणारे आपलेच लोक आडवे पडतात. तिथला मलेरिया जवळजवळ सगळा फाल्सिपेरम जातीचा, मेंदूपर्यंत जाणारा, आणि तुमच्या अंगात त्याच्याविरुद्ध ताकद नाही. ताप आला त्याच दिवशी बोटातून रक्त काढून तपासा, गोळ्यांचा कोर्स पुरा करा, मच्छरदाणीत झोपा. मिस्सा एक रविवार चुकली तर कॅटेकिस्ट आहे.

कामाच्या गावी जाण्याआधी म्वान्झाजवळ बुजोराला एक दिवस काढा. डेव्हिड क्लेमेंट नावाच्या कॅनेडियन फादरने तिथे सुकुमा संग्रहालय उभं केलं आणि सुकुमा घरासारखं गोल देवालय बांधलं. जूनमध्ये ख्रिस्तशरीराच्या सणाला धरून 'बुलाबो'चे नाच होतात, बगालू आणि बगीका हे दोन जुने नाचाचे गट गर्दी खेचण्यासाठी एकमेकांवर मात करतात, साप घेऊन नाचणारेही येतात. शांत सात्त्विक सोहळ्याच्या अपेक्षेने जाऊ नका.

आणि सुट्टीवर घरी निघालात की भेटेल तो म्हणेल, आईला आमचा नमस्कार सांगा. ही नुसती बोलायची पद्धत नाही. परत आल्यावर पहिला प्रश्न तोच असतो: सांगितला का, आणि आई काय म्हणाली? नुसतं 'बरी आहे' म्हणून सुटका नाही, त्यांना उत्तर लागतं. म्हणून फोनवर आईचा निरोप रेकॉर्ड करून न्या. माझी आई आमच्या बोलीत मोजून तीन वाक्यं बोलली, त्यातलं एक माझ्या वजनाबद्दल होतं. मिस्सा संपल्यावर कॅटेकिस्टने फोन माइकला लावला, मला बाजूला सारलं, आणि मराठीचं अक्षर न कळता सुकुमात त्याचं पाच मिनिटं भाषांतर केलं. विगेलेगेले थांबेनात. मी दुरुस्ती केली नाही.