टेबलावर अभ्यास करताना कसे बसावे?

"ताठ बस" हे घरी रोज ऐकता ना? पण दोन मिनिटांत पाठ पुन्हा वाकते. हा आळस नव्हे; टेबलावरची वही डोळ्यांपासून फार खाली असते. मोठ्या माणसाचं डोकं साधारण 5 किलोचं. ते पुढे झुकलं की मानेच्या स्नायूंना सतत ओढून धरावं लागतं. जुने मुनीम उतरतं मेज वापरायचे, ते उगीच नाही! तुम्हीही पॅडच्या मागच्या कडेखाली दोन जाड पुस्तकं सरकवा. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट घ्या. मणक्यांमधल्या चकत्यांना थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो; पोषण झिरपत येतं, त्याला हालचाल लागते. म्हणून कितीही छान बसलात तरी अर्ध्या तासाने उठा, पाणी पिऊन या.