फोनवर लिनक्स : बूट होता होता रीस्टार्ट का?

होस्टेलच्या बहुतेक रूममध्ये एखादा जुना फोन धूळ खात पडलेला असतो. प्रोसेसर दमदार, पण कंपनीचे अपडेट बंद. त्यावर मेनलाइन लिनक्स टाकले, तर छोटा सर्व्हर म्हणून तो आणखी काही वर्षे कामाला येतो. २०१७ साली सुरू झालेला पोस्टमार्केटओएस हा प्रकल्प नेमके हेच करतो. पण नवीन मॉडेलसाठी कर्नल तयार करताना बऱ्याचदा असे होते : चार ओळी पळतात आणि फोन एकदम रीस्टार्ट. ना पॅनिक, ना एरर. पुष्कळ जण इथेच ‘हार्डवेअर गेलं’ म्हणून नाद सोडतात. तसं करण्याआधी हे वाचा.

भानगड काय आहे?

क्वालकॉमच्या चिपमध्ये जीपीआयओ पिनांचा कारभार टीएलएमएम हा ब्लॉक बघतो. स्नॅपड्रॅगन ८४५ मध्ये अशा १५० पिना आहेत, ० ते १४९. प्रत्येक पिनची रजिस्टर्स स्वतंत्र ४ केबीच्या जागेत असतात, त्यामुळे एकेका पिनला वेगळे कुलूप लावता येते. हे कुलूप लिनक्स सुरू होण्याआधीच ट्रस्टझोनचे फर्मवेअर लावते. फिंगरप्रिंट सेन्सरच्या एसपीआय पिना हे त्याचे नेहमीचे उदाहरण. तुमच्या बोटाचा ठसा कुठल्याही ॲपला परस्पर वाचता येऊ नये, हा त्यामागचा हेतू.

आता लिनक्सचा जीपीआयओ ड्रायव्हर सुरू होताना प्रत्येक पिनची दिशा वाचतो, म्हणजे इनपुट की आउटपुट. कुलपातल्या पिनचे रजिस्टर वाचायला गेला की सुरक्षेचा भंग झाला असे मानून सगळी चिपच रीसेट होते. हा निर्णय लिनक्सच्या हातात नसतो, म्हणून जाताना मेसेज लिहायलाही त्याला वेळ मिळत नाही.

उपाय

कुलूप तोडायचे नाही, त्या पिनांना हात लावायचा नाही. यासाठी २०१८ साली कर्नलमध्ये डिव्हाइस ट्रीची एक प्रॉपर्टी आली. ती टीएलएमएमच्या नोडमध्ये लिहायची (फाइलमध्ये अर्थातच रोमन लिपीत) :

जीपीआयओ-रिझर्व्ह्ड-रेंजेस = <० ४>, <८१ ४>;

प्रत्येक जोडीतला पहिला आकडा म्हणजे सुरुवातीची पिन, दुसरा म्हणजे किती पिना. शेवटची पिन नव्हे! इथे गफलत होऊ देऊ नका. वरच्या ओळीत ० ते ३ आणि ८१ ते ८४ या पिना वगळल्या आहेत. वनप्लस ६ च्या मेनलाइन फाइलमध्ये हेच आकडे आहेत. पण दुसऱ्या फोनचे आकडे वेगळे असू शकतात, तेव्हा आंधळेपणाने कॉपी मारू नका.

आपल्या फोनचे आकडे कसे शोधायचे?

१) त्याच चिपच्या दुसऱ्या फोनची फाइल आणि कंपनीने दिलेला कर्नल सोर्स बघा. फिंगरप्रिंट कुठल्या पिनांवर आहे याचा अंदाज येतो.

२) नाही सापडले, तर सगळ्या १५० पिना रिझर्व्ह करा. काही ड्रायव्हर चालणार नाहीत, ते तूर्त सोडा. रीसेट थांबला तर संशय खरा. नाही थांबला तर पिना निर्दोष; मग रिझर्व्ह्ड मेमरी आणि प्रोटेक्टेड क्लॉक्स तपासा.

३) आता आपली बायनरी सर्च. ० ते ७४ मोकळ्या करा, बाकीच्या रिझर्व्ह ठेवा. रीसेट झाला तर चोर मोकळ्या केलेल्या अर्ध्यात. असे अर्धे-अर्धे करत गेलात की साधारण ८ प्रयत्नांत एक पिन सापडते. मात्र गट एकापेक्षा जास्त असू शकतात, म्हणून दुसरा अर्धा भागही तपासा.

सावधान!

बूटलोडर अनलॉक केला की फोनमधला डेटा पुसला जातो. आधी बॅकअप घ्या. प्रत्येक प्रयत्न शक्यतो ‘फास्टबूट बूट’ने करा, त्यात इमेज फक्त रॅममध्ये जाते, फोनवर काही लिहिले जात नाही. सिरियल कन्सोल जोडणार असाल तर व्होल्टेज बघा. बऱ्याच फोनचा यूएआरटी १.८ व्होल्टचा असतो. लॅबमधला ५ व्होल्टचा ॲडॅप्टर लावलात तर मात्र हार्डवेअर खरोखरच जाईल.

सेन्सर लिनक्समध्ये चालणार नाही, एवढी किंमत मोजावी लागते. पण फोन बूट होतो, आणि मायक्रोप्रोसेसरच्या पेपरात पाठ केलेला ‘मेमरी मॅप्ड आयओ’ म्हणजे काय हेही एकदाचे कळते.