जीपीएसची तारीख चुकली म्हणून सेट रिसेट मारू नका



१ जून ते ३१ जुलै बंदी. ट्रॉलर जेटीला आहेत, जाळी तुणणे, रंगकाम, इंजिनाची कामे चालू आहेत. याच दिवसांत एक काम अजून करून घ्यायचे आहे, ते म्हणजे केबिनमधल्या जुन्या जीपीएस सेटची तपासणी. ती कशी करायची आणि अडल्यावर आपल्या मदत ग्रुपवर कसे विचारायचे, ते आज बघूया.

आधी झालेली गोष्ट सांगतो. गेल्या मोसमाच्या सुरुवातीला एका वयस्क तांडेलांनी ग्रुपवर फोटो टाकला. सेटवर जागा बरोबर, पण तारीख जवळजवळ वीस वर्षे मागची. पाच मिनिटांत सात उत्तरे आली. त्यातले एक मीच जुन्या मेसेजातून शोधून पुढे पाठवले होते, "मेनूत जाऊन फॅक्टरी रिसेट मारा." ते उत्तर दुसऱ्या कंपनीच्या सेटसाठी होते, तेही वेगळ्या बिघाडासाठी. मी वाचले नाही, पाठवून दिले. काकांनी रिसेट मारला. तारीख आहे तशीच राहिली, पण पंधरा-वीस वर्षांत साठवलेले सगळे पॉइंट पुसले गेले. माशाचा पॉइंट परत सापडतो. खडपाचा पॉइंट मात्र जाळे फाटल्यावरच कळतो. तिसऱ्या फेरीला त्यांचे जाळे खडपात अडकले, अर्धे कापून सोडावे लागले. नुकसान त्यांचे झाले, चूक ग्रुपची, त्यातही माझी.

तारीख का चुकते?

जीपीएसचे उपग्रह तारीख पाठवताना "अमुकवा आठवडा" असा आकडा पाठवतात. मोजणी ६ जानेवारी १९८० पासून सुरू झाली. पण जुन्या पद्धतीत या आकड्याला जागा फक्त ० ते १०२३ एवढीच. स्कूटरचा किलोमीटरचा काटा भरला की परत शून्यावर येतो, तसेच हे. १०२४ आठवडे म्हणजे साधारण १९ वर्षे ७ महिने. पहिली फेरी ऑगस्ट १९९९ मध्ये पूर्ण झाली. दुसरी ७ एप्रिल २०१९ ला, आपल्याकडे सकाळी साडेपाचच्या सुमारास. ज्या सेटला हे कळले नाही, त्याने त्या दिवशी २२ ऑगस्ट १९९९ दाखवले. पुढची फेरी २१ नोव्हेंबर २०३८ ला.

सगळे सेट एकाच दिवशी चुकत नाहीत, कारण प्रत्येक कंपनी आपल्या सॉफ्टवेअरमध्ये मोजणीची सुरुवात वेगळी धरते. आयफोन ५ वाल्यांना कंपनीने ३ नोव्हेंबर २०१९ च्या आत अपडेट करायला सांगितले होते, ते याच कारणाने. म्हणून "माझा २०१९ ला चालला, म्हणजे आता काही होणार नाही" असे धरू नका.

म्हणजेच सेट बिघडलेला नसतो, त्यातले सॉफ्टवेअर जुने झालेले असते. रिसेट मारून जुने सॉफ्टवेअर नवे होत नाही.

मग धोका कुठे?

बहुतेक सेटमध्ये जागा बरोबरच येते, त्यामुळे आपण तारखेकडे बघत नाही. पण सेटमध्ये भरती-ओहोटीचे पान असेल तर ते तारखेवरूनच हिशेब करते. १०२४ आठवडे म्हणजे ७१६८ दिवस. चंद्राचे २४२ महिने पूर्ण होऊन वर साडेएकवीस दिवस उरतात. म्हणून आज अमावस्या असेल तर मागची तारीख धरलेल्या सेटला अष्टमी वाटते. बाहेर उधाण, सेटवर भांग! बेतूलला साळ नदीच्या मुखावरच्या वाळूच्या पट्ट्यावरून ये-जा करणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. तारीख चुकलेल्या सेटचे भरतीचे पान बघूच नका. पंचांग किंवा छापील तक्ता बघा.

बंदीत करायचे काम

१. सेट चालू करून तारीख बघा. चुकली असेल तर "तारीख चूक, भरती बघू नये" अशी चिठ्ठी सेटवर चिकटवा. तांडेल बदलला तरी त्याला कळले पाहिजे.

२. सगळे पॉइंट वहीत उतरवा. खडपाचे आधी. आकडा दिसतो तसाच लिहा, टिंबासकट. २९.५० मिनिटे म्हणजे २९ मिनिटे ३० सेकंद. ते २९ मिनिटे ५० सेकंद असे वाचले तर उत्तर-दक्षिण सहाशे मीटरचा फरक पडतो.

३. त्यानंतरच दुकानदाराला किंवा कंपनीला आपल्या मॉडेलचे अपडेट आहे का ते विचारा. काही मॉडेलना मिळते, फार जुन्यांना मिळत नाही. अपडेट करतानाही पॉइंट जाऊ शकतात, म्हणून वही आधी.

४. अपडेट जेटीवरच करा. दर्यात नको, आणि १ ऑगस्टच्या आदल्या रात्री तर नकोच.

ग्रुपवर विचारताना

"सेट चालत नाही, काय करू?" एवढ्यावर कोणी बरोबर उत्तर देऊ शकत नाही. कंपनी, मागच्या स्टिकरवरचे मॉडेल, चालू करताना दिसणारा सॉफ्टवेअरचा नंबर, पडद्याचा फोटो, आणि बिघाडाआधी काय बदलले, हे लिहा.

उत्तर देताना

"माझ्या अमुक मॉडेलवर, अमुक महिन्यात मी हे केले आणि चालले" असे लिहा. स्वतः केले नसेल तर "ऐकीव आहे" असे लिहा, त्यात कमीपणा नाही. रिसेट सांगायच्या आधी "पॉइंट वहीत उतरवले का?" हे विचारलेच पाहिजे. आणि कोणाला हसू नका. ज्याला एकदा हसले तो परत विचारत नाही, गुपचूप बटणे दाबत बसतो.

ग्रुप सांभाळणाऱ्यांनी

आम्ही तिघे ॲडमिन आता जुनी उत्तरे चाळतो आहोत. मॉडेल आणि तारीख नसलेले उत्तर काढून टाकतो. चुकीच्या उत्तराखाली बरोबर उत्तर लिहून चालत नाही, कारण लोक चुकीचेच पुढे पाठवतात. ज्याचे उत्तर काढले त्याला आम्ही फोन करून कारण सांगतो, चारचौघांत बोलत नाही.

"अपडेट" म्हणून आलेली एपीके फाईल कोणीही टाकली तरी लगेच काढली जाईल. अशा फाईलमधून फोनचे मेसेज आणि ओटीपी चोरून बँक खाते रिकामे करतात. ॲप प्ले स्टोअरमधूनच घ्या. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला फोन करा.

इथे एक फरक लक्षात ठेवा. इंटरनेटला न जोडलेला जुना जीपीएस चिठ्ठी लावून अजून काही वर्षे चालवता येतो. पैशाचे व्यवहार होणारा फोन किंवा संगणक तसा चालवता येत नाही. विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. घरी मुलांकडे तो संगणक असेल तर त्यावर बँकेचे काम करू नका.

शेवटचे, दर्यात जिवाचा प्रसंग आला तर ग्रुपवर लिहीत बसू नका. व्हीएचएफ चॅनल १६ वर हाक द्या, रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ लावा.

या रविवारी प्रत्येकाने आपल्या सेटचे मॉडेल आणि दिसणारी तारीख, दोन्हींचा फोटो ग्रुपवर टाकावा. आपण मॉडेलप्रमाणे यादी करू. ज्यांना वही लिहायला जमत नाही त्यांनी मुलाला किंवा नातवाला घेऊन केबिनमध्ये बसावे. काकांची वही आम्ही दोघे मिळून परत लिहितो आहोत. आतापर्यंत एकतीस पॉइंट आठवले आहेत.