बॅटरी कशी निवडावी?

शेतीला वीज पुष्कळदा रात्रीच येते. मोटार चालू करायला अंधारात जावे लागते. बांधावर गवत असते. मण्यार तर रात्रीच फिरते. म्हणून हातात काठी हवी, तशी चांगली बॅटरीही हवी.

घेताना नुसती चकाकी पाहू नका. दुकानातच लावून पाहा. उजेड लांब जातो, पण पायापुढेही पडतो का? ओल्या हाताने बटण दाबता येते का? तिचे सेल गावात मिळतात का? एलईडी दिव्याची घ्या. जुन्या बल्बपेक्षा तो कमी वीज खातो. सेल जास्त दिवस पुरतात.

बॅटरी वापरात नसली, तर सेल काढून ठेवा. ते पाझरले, की आतला पत्रा गंजतो.

बॅटरीची जागा ठरवा. दाराजवळची खुंटी बरी. अंधारात शोधावी लागली, तर ती बॅटरी काय कामाची?