बुडालेल्या आगबोटीची साक्ष

एखादी आगबोट समुद्राच्या तळाशी गेली, की तिच्याबरोबर तिचा इतिहासही बुडाला असे आपल्याला वाटते. परंतु बोटीचे अवशेष नीट पाहिले, तर तेच तिचा इतिहास सांगू लागतात.

गोव्याच्या समुद्रात अ‍ॅमी शोल नावाचा उथळ भाग आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी बुडी मारून तेथील तळ तपासला. त्यांना वाफेच्या इंजिनाचे भाग, बॉयलर आणि विटा आढळल्या. समुद्रात विटा कोठून आल्या? आगबोटीत कोळसा जाळून बॉयलरमधील पाण्याची वाफ करीत व त्या वाफेच्या बळावर इंजिन चालवीत. भट्टीला आतून उष्णतारोधक विटांचे अस्तर असे. खाऱ्या पाण्यात लाकूड किडते, लोखंड गंजते. भाजलेली वीट मात्र टिकते. अशा विटांवर पुष्कळदा कारखान्याचे नाव उमटवलेले असते. तो कारखाना कोठे व केव्हा चालू होता हे कळले, की बोटीचा काळ ठरवण्यास आधार मिळतो.

ही साक्ष जपून वाचावी लागते. तंजावर जिल्ह्यातील पापनाशमचा परिसर ज्या कावेरीच्या पाण्यावर पिकतो, ती कावेरी पुढे पूंपुहारजवळ समुद्रास मिळते. त्या समुद्रात बुडालेल्या एका जुन्या जहाजाच्या अवशेषांत शिशाच्या लगडी सापडल्या. त्यांवर १७९१ व १७९२ ही वर्षे कोरलेली होती. म्हणून ते जहाज १७९२ सालीच बुडाले असे म्हणता येत नाही. ते १७९२ पूर्वी बुडालेले नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

पाण्याखाली असे पुरावे शोधणे कष्टाचे असते. पाणबुडा पाठीवरच्या टाकीतील दाबाखाली भरलेली हवा श्वासावाटे घेतो. या साधनाला स्कूबा म्हणतात. दर १० मीटर खोलीमागे पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. म्हणून वर येताना श्वास रोखायचा नसतो आणि घाईही करायची नसते. टाकीतील हवा पुरेल तेवढ्याच वेळात मोजमापे व छायाचित्रे घ्यावी लागतात.

एखाद्या हौशी पाणबुड्याने आठवण म्हणून एक वीट उचलून नेली तर काय होईल? त्याच्या घरात एका शोभेच्या वस्तूची भर पडेल. परंतु ती वीट कोठे, कशाशेजारी पडली होती, ही माहिती कायमची नष्ट होईल. म्हणूनच युनेस्कोच्या २००१ सालच्या करारात असे अवशेष शक्यतो जागच्या जागी जतन करण्याला प्रथम पसंती दिली आहे. समुद्राने जे राखले, ते आपण हरवू नये.

स्वाध्याय
१. आगबोटीत विटांचा उपयोग कशासाठी होत असे?
२. लगडीवरील वर्षावरून कोणता निष्कर्ष काढता येतो व कोणता काढता येत नाही?
३. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या वस्तूवरील मजकूर वाचा व त्यावरून काय कळते ते पाच वाक्यांत लिहा.