नाकात बोलणारं मूल : वर्गात तपासणी कशी करावी?



मूल ‘बाबा’ म्हणतं, पण आपल्याला ‘मामा’ ऐकू येतं. टाळू दुभंगलेल्या मुलाच्या बाबतीत असं होऊ शकतं. बोलताना मऊ टाळू वर उचलली जाते आणि नाकाकडची वाट बंद करते. ती नीट बंद झाली नाही की हवा नाकात शिरते. शस्त्रक्रियेनंतरही काही मुलांत हा दोष राहतो.

साधी तपासणी :

१) ‘पापड’, ‘काका’, ‘टोपी’ असे न, म नसलेले शब्द म्हणायला सांगा.

२) शब्द सुरू झाला की नाकाखाली छोटा आरसा धरा. वाफ जमली तर हवा गळते आहे.

३) ‘आ’ लांबवायला सांगा, नाक चिमटीत धरा आणि सोडा. आवाज बदलला तर तो नाकातून जातोय.

उलट ‘मामा’चं ‘बाबा’ होत असेल, तर बहुधा नाक चोंदलेलं असतं.

एक सावधगिरी. मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या गावांत मुलांच्या घरी भिली बोली असतात. त्यांत ‘स’चा ‘ह’ होतो. ‘सात’ला ‘हात’ म्हणणं हा दोष नाही, ती त्या मुलाची भाषा आहे. म्हणून घरच्या बोलीतले शब्दही घ्या, आईला जवळ बसवा.

हे निदान नव्हे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं (२०१३ पासून) पथक शाळेत आलं की आपली नोंद दाखवा. कानही तपासून घ्या. अशा मुलांच्या कानात पाणी साचून ऐकू कमी येतं.

तोवर ‘नीट बोल’ म्हणून टोकू नका. हवा अडवणं त्याच्या हातात नाही.