समुद्रातली बुडी आणि अंगावरची खाज

गेल्या दिवाळीनंतर एक नवविवाहित तरुण माझ्या दवाखान्यात आला. उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत लालभडक पट्टे, त्यांवर बारीक फोड आणि झोप उडवणारी खाज. घरच्यांनी नागीण ठरवून लेपही लावला होता. नागीण खाजेपेक्षा दुखते जास्त, म्हणून ती नव्हे एवढे मला कळले. पण झाडाचा चीक लागला असावा असे समजून मीही चुकीचेच निदान केले. दोन दिवसांनी पत्नी बरोबर आली. "डॉक्टरसाहेब, अंदमानात पाण्याखाली गेलो तेव्हा यांनी खडकाला धरलं होतं," ती म्हणाली. तेव्हा उलगडा झाला.

तो खडक नव्हताच. उष्ण समुद्रात 'फायर कोरल' नावाचा पिवळसर तपकिरी, पांढुरक्या टोकांचा जीव असतो. दिसतो प्रवाळासारखा, पण नाते जेलीफिशशी जवळचे. त्याच्या अंगावर डोळ्यांना न दिसणाऱ्या विषाच्या कुप्या असतात. स्पर्श होताच त्यांतून बारीक दोरा सुटतो आणि कातडीत विष सोडतो. बुडालेल्या जहाजांवर आणि दोरखंडांवर वाढणारे पिसासारखे हायड्रॉइडही असेच डसतात. आधी आग होते, मग कित्येक दिवस खाज. काहींना बरे वाटल्यावर आठवड्याने पुन्हा उठते, ती अ‍ॅलर्जी.

पुरळ उघड्या अंगावर नसून नेमके पोहण्याच्या कपड्याखाली उठले, तर जेलीफिशच्या बारीक पिलांचा संशय घ्यावा. ती कापडात अडकतात. फ्लोरिडातल्या डॉक्टरांनी १९४९ साली या विकाराचे वर्णन केले आहे. असे कपडे आधी काढावेत, मगच गोड्या पाण्याने अंघोळ करावी. गोड्या पाण्याने उरलेल्या कुप्या फुटतात.

फायर कोरल लागल्यास समुद्राच्याच पाण्याने धुवावे, वाळूने किंवा टॉवेलने घासू नये. वरून व्हिनेगर ओतावे. नंतर सोसेल इतक्या गरम पाण्याने शेकल्यास दुखणे कमी होते. लघवीचा उपाय ऐकिवात असेल, तो करू नये. पुढे कॅलॅमाइन आणि डॉक्टरांनी दिलेली खाजेची गोळी बहुधा पुरते. दुकानातून आणलेली 'तीन औषधांची' मलमे मात्र नकोत. ओठ-चेहरा सुजला, धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठावे. मधुमेह किंवा यकृताचा आजार असणाऱ्याने समुद्रात झालेली साधी खरचटही दाखवावी.

आता खरी धास्तीची गोष्ट. नळकांडे पाठीला बांधून खोल गेलेला माणूस वर आल्यावर काही तासांत पोट, छाती, मांड्या खाजू लागल्या आणि संगमरवरासारखी निळसर-लाल नक्षी उठली, तर हा डंख नव्हे. दाब झपाट्याने कमी झाल्याने रक्तात व कातडीत नायट्रोजनचे बुडबुडे होतात, त्याची ही खूण. सोबत सांधे दुखणे, मुंग्या, चक्कर असेल तर वेळ घालवू नये. प्राणवायू लावावा आणि दाबकक्षाची सोय असलेल्या ठिकाणी न्यावे. म्हणूनच एका बुडीनंतर निदान १२ तास, लागोपाठ बुड्यांनंतर १८ तास विमानात बसू नये. सहलीचा शेवटचा दिवस बुडीला ठेवणारे हे विसरतात.

आमच्या तरुणाचे पट्टे तीन आठवड्यांनी पुसट झाले. आता दोघे तारकर्लीला जाणार आहेत. अंगभर कपडा घाला आणि हात कशालाच लावू नका, असे बजावले आहे. पत्नीने ते लक्षात ठेवायचे कबूल केले आहे.